सोदिकचं दार

या, असे जवळ सरका. चहा ओतून घ्या, पाठीला लोड घ्या. कोकंद शहरातल्या एका घराची गोष्ट सांगतो. घर देखणं, भाव रास्त, बघायला येणाऱ्यांची रीघ. आणि तरी त्याला गिऱ्हाईक लागेना. भूत नव्हतं, भाऊबंदकी नव्हती, छत गळत नव्हतं. मग काय होतं, ते शेवटी कळेल. कळल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. पण ते आत्ता नाही.

तुर्गुन अका, म्हणजे तुर्गुनदादा, हा आमच्याकडचा घरांचा दलाल. पोट सुटलेलं, जीभ मोकळी, मन साफ. दर गुरुवारी बाजारातल्या तुतीच्या झाडाखाली एक आंधळा हाफिज गाऊन उपदेश करतो, त्याच्यासमोर पहिल्या रांगेत बसून डोळे पुसणारा माणूस तो. त्याला माणसाचं दुःख लगेच समजे. लबाडी मात्र आठ दिवसांनी.

कार्तिकातल्या थंडीसारखी थंडी पडू लागली होती, तेव्हा तो साबोहत आपांकडे गेला. आपांनी सव्वीस वर्षं गुन्ह्यांच्या तपासात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे हरवलेल्या गायी आणि पळालेले नवरदेव घेऊन येत. त्या अंगणात बसून जर्दाळूच्या बिया फोडत होत्या. तुर्गुन बसला आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं.

घर सनोबर खालांचं. म्हणजे नवऱ्यामागं ते दोन मुलांच्या नावावर आलेलं. थोरला अस्कर राजधानीत बायकामुलांसह भाड्यानं राहतो. धाकटा सोदिक लाकडावर नक्षी कोरायचा. सात वर्षांपूर्वी उत्तरेकडे मजुरीला गेला. पहिली तीन वर्षं फोन आले, मग बंद. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर अस्करनं त्याच्या मृत्यूचा दाखला आणला. मोहल्ल्यानं त्याच्या नावानं पुलाव खाल्ला, फातिहा पढला. आता अस्करला घर विकून आईला आपल्याकडे न्यायचं होतं. नवव्या मजल्यावर.

"उन्हाळ्यापासून तेवीस कुटुंबं दाखवली, आपा. सगळी खूश. आणि मग एकेकाचा फोन बंद. अस्करला वाटतं शेजारी काडी घालतोय. नववर्षापर्यंत घर गेलं नाही तर तो दुसरा दलाल बघणार आहे."

आपांनी एक बी फोडली. "दुसऱ्यांदा कोण आलं?"

तुर्गुननं बोटांवर मोजत आठवलं. नऊ जण. सगळे पुरुष. पहिल्यांदा एकटे येऊन गेले होते, दुसऱ्या खेपेला बायको घेऊन आले.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कुणीच नाही."

"पहिल्याच खेपेला जे बायकोसकट आले, ते परत आले का?"

तुर्गुननं मान हलवली. एकही नाही.

"घराच्या आतल्या खोल्या तू पाहिल्यास?"

"आपा, बायकांच्या बाजूला मी कसा जाणार? बायकांना खाला स्वतः आत नेतात. मी अंगणात पुरुषांना खांब दाखवतो."

"म्हणजे सहा महिने तू अर्धंच घर विकतोयस," आपा म्हणाल्या आणि बीचा गर त्याच्या हातावर ठेवला. "खा. डोक्याला चांगला असतो."

आधी त्या दिलोरोम नावाच्या एका बाईकडे गेल्या. तिनं ते घर सप्टेंबरात पाहिलं होतं आणि नवऱ्याला नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, घर सुंदर आहे, पण ऊन येत नाही. तुर्गुन बोलायला गेला. ते घर दक्षिणेला तोंड करून बसलेलं, दिवसभर ऊन अंगणात लोळत असतं. आपांनी त्याच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी फक्त विचारलं, आतल्या खोलीत काही पाहिलंत का? बाईनं तळहात चेहऱ्यावरून फिरवले, दुवा संपवताना फिरवतात तसे, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "अल्ला त्या माऊलीचं भलं करो." त्यापुढं ओठ उघडले नाहीत.

"घाबरली," बाहेर आल्यावर तुर्गुन म्हणाला.

"भ्यालेली बाई दुवा करत नाही, तुर्गुन. ती दार लावून घेते. ही लाजली."

शुक्रवारी दोघं सनोबर खालांच्या घरी गेली. अस्कर आदल्या दिवशीच राजधानीहून आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, पुढचे दोन दात सोन्याचे. त्यानं आपांना लाकडी बैठकीवर मानानं बसवलं. सनोबर खालांनी चहा आणि सकाळी तंदुरातून काढलेली नान ठेवली. खालांच्या तोंडात एकही दात नव्हता. त्या आपला तुकडा चहात भिजवून, जिभेनं चुरून खात.

नानच्या मध्यावर खिळ्यांच्या ठशानं टोचलेलं फूल होतं. आठ पाकळ्यांचं, पण एका पाकळीच्या टोकाशी नान फोडासारखी फुगली होती.

"ह्याला काय झालं, खाला?" तुर्गुननं थट्टेनं विचारलं.

"ठशाचा एक खिळा गळला. ह्याच वसंतात, नवरोजच्या सणाच्या पहाटे, पहिल्या परातीलाच. तिथं टोचलं जात नाही, मग फुगते. म्हातारीला दात नाहीत, ठशाला तरी कशाला हवेत?"

तुर्गुन हसला. त्यानं पाहुण्यांना नेहमी दाखवायचे ते पाच खांब आपांनाही दाखवले. चार खांबांवर डाळिंबाची वेल खालपासून वरपर्यंत. पाचवा अर्धाच, सोदिक गेला तेव्हा राहिलेला. त्या अर्ध्याच्या वर वीतभर नक्षी मात्र फिक्या, कोवळ्या रंगाची होती आणि तिच्या रेषा थोड्या वाकड्या.

"कुणा कच्च्या सुताराचं काम," तुर्गुन म्हणाला. "गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगतो, पूर्ण करून घ्या."

आपांनी त्या वीतभर नक्षीवरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

मग त्या अस्करशी बोलल्या. तो सौम्यपणे बोलत होता. आईचं दुःख त्याला कळत होतं, पण ती मानायलाच तयार नव्हती. ती म्हणे, त्याच्याकडे फोन नाही, कागद नाहीत, त्याला जगात हे एकच दार माहीत आहे. ते विकलं तर पोरगं कुठं येईल?

"मी तिला किती समजावू, आपा? गेलेला माणूस तो. आणि समजा, आला असता तरी काय? तीन बोटांच्या हातानं खांब कोरणार होता?" त्यानं पियाली खाली ठेवली. "मला मुली आहेत. घरमालकानं नववर्षाला खोली सोडायला सांगितलंय."

तुर्गुनला वाईट वाटलं. सुताराची बोटं जाणं म्हणजे काय, हे त्यानं मनात ताडलं आणि दुवा केली.

पुरुष जुम्म्याच्या नमाजला गेले. परतताना शेजारी हमरोकुल तुर्गुनला भेटला. आपा त्याच्याच दारात उभ्या होत्या. हमरोकुलला आपल्या मुलासाठी ते घर स्वस्तात हवं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता. आपांनी रोखून पाहिल्यावर त्यानं कबूल केलं की दोन गिऱ्हाइकांना त्यानं सांगितलं होतं, उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही.

"दोघांनाच?"

"दोघांनाच. कुराणाची शपथ. उरलेले एकवीस आपल्या पायांनी पळाले." मग त्यानं उलट गाऱ्हाणं केलं. म्हातारीच कुठं कमी आहे? वसंतात, जर्दाळूचा मोहोर झडत होता तेव्हा, आठ-नऊ दिवस रोज पहाटे भिंतीपलीकडून टकटक, टकटक. विचारलं तर म्हणे सरपण फोडते. "सरपण फोडल्यावर धाडकन वाजतं, आपा. हे म्हणजे पक्षी चोच मारतोय असं."

अस्कर नमाजनंतर मांस आणायला बाजारात थांबला होता. आपा आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी पेटी सरकवायच्या निमित्तानं तुर्गुनला हाक मारली. तो खाकरत, नजर खाली ठेवत, पहिल्यांदाच त्या खोलीत शिरला.

भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याला भरतकामाच्या फडक्यात बांधलेली नान. आपांनी फडकं बाजूला केलं. वाळून कवडीसारखी कडक झालेली नान. मध्ये फूल, एका पाकळीशी फोड. आणि कडेला एक घास तोडलेला. त्या घासाच्या कमानीत, वरच्या बाजूला, मधोमध एक कणी तशीच उभी राहिलेली, जणू तिथं दात पोचलाच नव्हता.

तुर्गुनचे हात आपोआप चेहऱ्याकडे गेले. त्याच्या घरीही मुलगा सैन्यात गेला तेव्हा अशी नान टांगली होती. लांब जाणारा माणूस उंबऱ्यावर एक घास तोडतो. उरलेली नान त्याची वाट बघते. तो परत येऊन ती संपवतो. तोवर त्या घराचं काही हलवू नये. आणि ज्याची नान टांगलेली आहे तो येणार नाही, असं तोंडानं म्हणू नये. म्हटलं तर ते वाटेवरच्याला लागतं.

आता त्याला तेवीस बायकांचं मौन कळलं.

"पाहुण्या बायका आल्या की पेटीतून काढून टांगते," खाला शांतपणे म्हणाल्या. "अस्कर म्हणाला होता, काढून टाक, सात वर्षं झाली तिला. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगते, धाकटा वाटेवर आहे."

शेजारी एक फोटो होता. फाटकात उभा सोदिक, खांद्यावर पिशवी, उष्टी नान दोन्ही हातांत छातीशी धरलेली. दहाही बोटं नानभोवती पसरलेली. तो हसत होता, आणि वरचा पुढचा एक दात नव्हता.

"लहानपणी गाढवानं लाथ मारली होती," खाला म्हणाल्या.

बाहेर येताना तुर्गुन म्हणाला, "आपा, उलगडलं सगळं. आईच गिऱ्हाइकं परतवत होती. आता अस्करला कसं सांगायचं? मेलेल्या पोराची नान कवटाळून बसलेल्या आईला बोल कसा लावायचा?"

"तुला निम्मं उलगडलं," आपा म्हणाल्या. "अस्कर आला की हमरोकुललाही बोलाव. साक्षीला माणूस हवा."

उन्हं तिरपी होऊन पाचव्या खांबावर आली होती, तेव्हा चौघं बैठकीवर बसली. खाला तंदुराशी उभ्या राहिल्या. आपांनी ती नान आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवली.

"तुला हवं ते उत्तर आधी देते, अस्कर. घर ह्या नाननं अडवलं. हमरोकुलनं नाही."

अस्करनं आईकडे पाहिलं. रागापेक्षा दमलेपणाच जास्त होता त्या बघण्यात. म्हणाला, सात वर्षांच्या शिळ्या तुकड्यासाठी माझ्या पोरींना रस्त्यावर आणते आहे ही.

"सात वर्षांचा नाही," आपा म्हणाल्या. "फुलाची ही पाकळी बघ. फोड आहे. खालांच्या ठशाचा खिळा ह्या नवरोजला गळला. त्याआधीच्या कुठल्याही नानला हा फोड असू शकत नाही. ही नान फार तर सात-आठ महिन्यांची आहे."

तुर्गुन त्या फोडाकडे बघत राहिला. सकाळी त्यानं त्यावरच विनोद केला होता.

"मग घास कुणाचा? खालांना दात नाहीत. तुझे पुढचे दोन्ही दात सोन्याचे, सलग. ह्या घासात मधला एक दात नाही. असा एकच माणूस ह्या घरात जन्मला."

"कुणीही चावलं असेल," अस्कर म्हणाला.

"मग खांब कुणी कोरला? जर्दाळूचा मोहोर झडत असताना हमरोकुल रोज पहाटे टकटक ऐकत होता. सरपण नव्हतं ते, पटाशी होती. पाचव्या खांबावरची वीतभर नक्षी अजून फिकी आहे, लाकडाचा वास येतो. वेल तीच, हात तोच, फक्त रेषा वाकड्या. सोदिक ह्या वसंतात घरी आला होता. जुनी नान त्यानं संपवली. नऊ दिवस राहिला. जाताना ह्या नानचा घास तोडून गेला. आणि तुझा दाखला सांगतो की तो त्याआधीच मेला."

हमरोकुलनं टोपी काढून परत घातली.

अस्कर सावकाश म्हणाला, असेल, दाखला आणून देणाऱ्यानं फसवलं असेल. चार वर्षं बातमी नव्हती. मला काय ठाऊक तो आला होता? आईनं सांगितलं नाही.

"इथवर मीही तुझ्यावर विश्वास ठेवला असता." आपांचा आवाज खाली आला. "पण रेषा वाकड्या का झाल्या, ते मला तूच सांगितलंस. तीन बोटांचा हात म्हणालास. हा फोटो सोदिक निघाला त्या दिवसाचा आहे. दहा बोटं मोज. बोटं उत्तरेत गेली. सात वर्षांत तो फक्त ह्या वसंतात परत आला, आणि खालांनी त्या येण्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. तो तीन बोटांचा हात तू कुठं पाहिलास, अस्कर?"

खांबावरचं ऊन सरकत होतं. अस्कर आईकडे न बघता बोलू लागला.

दाखला त्यानंच करवून घेतला होता. तेव्हा त्याला खरंच वाटत होतं की सोदिक मेला; घर विकायला नुसता कागद नव्हता, म्हणून कागद केला. आणि वसंतात एका पावसाळी संध्याकाळी भाऊ त्याच्या दारात उभा राहिला. रानतोडीच्या तळावर कागदपत्रं काढून घेतलेली, थंडीनं दोन बोटं झडलेली, तिथून पळून आलेला.

"म्हणाला, अका, कचेरीत मी मेलेलो आहे. तू फक्त चल आणि सांग, हा माझा भाऊ. मला घरातलं काही नको. मी सकाळी जाऊ म्हणालो. खालच्या चौकीदाराच्या खोलीत झोपवलं त्याला. रात्रभर विचार केला. खोटा दाखला उघडा पडणार, मी तुरुंगात, पोरी रस्त्यावर. सकाळी चौकीदारानं वर येऊन विचारलं, हा तुमचा कोण?"

त्यानं समोरची नान थोडी दूर सारली.

"मी म्हणालो, ओळखत नाही. तो जिन्याच्या खाली उभा होता. ऐकलं त्यानं. चौकात उत्तरेकडे मजूर नेणारी बस लागते, तिथं कागद विचारत नाहीत. तो तिच्यात चढला. मी खिडकीतून पाहत होतो."

तुर्गुनला आंधळ्या हाफिजचं गाणं आठवलं: दार लावू नको बाई, रात किती का होईना, ज्याची भाकर बाकी आहे, त्याचं नाव पुसेना. पहिल्या रांगेत बसून तो ह्या ओळीला दर वेळी रडत असे. आज रडू येईना.

सनोबर खाला तंदुरापासून चालत आल्या आणि मुलासमोर बसल्या.

"तो तुझ्याकडेच जातो म्हणून निघाला होता," त्या म्हणाल्या. "अकाला मी सांगीन, तू काही बोलू नको, अशी शपथ घातली होती त्यानं. महिना झाला, बातमी नाही. मग मी तुला विचारलं, कुणी पाहुणा आला होता का रे? तू नाही म्हणालास. परत विचारलं नाही मी. एका उत्तरात माझा धाकटा मरत होता, दुसऱ्यात थोरला. म्हणून खिळ्याला नान टांगत राहिले."

अस्करनं कपाळ जमिनीला टेकवलं. खालांनी त्याला उठवलं नाही, मारलं नाही, शापही दिला नाही. त्या उठल्या, सकाळच्या परातीतली एक ताजी नान घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली.

"चाव," त्या म्हणाल्या.

त्याला समजलं नाही. तुर्गुनला मात्र ह्या वेळी सगळ्यांच्या आधी समजलं.

"तो कुठल्या बसमध्ये चढला, ते तुलाच माहीत आहे. तुझ्याकडे कागद आहेत. जा आणि त्याला घेऊन ये. एकटा येऊ नको."

आपांनी एकच अट घातली: आधी कचेरी. अस्करनं सोमवारी स्वतः जाऊन लिहून दिलं की दाखला खोटा आहे, भाऊ जिवंत आहे, गुन्हा माझा आहे. खटला उभा राहिला. हमरोकुल आणि मोहल्ल्याचे चार वडीलधारे जामीन राहिले, आणि हाकिमानं भावाला शोधायला मुदत दिली. अस्करच्या बायकामुली आता त्याच घरात राहतात. नवव्या मजल्यावर कुणीच गेलं नाही. तुर्गुननं फाटकावरची विक्रीची पाटी स्वतःच्या हातानं काढली आणि त्या घराच्या दलालीचं नाव परत काढलं नाही.

अस्कर निघाला त्या सकाळी तुर्गुन आणि आपा फाटकाशी उभी होती. खाला आतल्या खोलीत फडकं बांधत होत्या. परतताना तुर्गुन म्हणाला, "आपा, तो सापडेल ना?"

आपांनी सव्वीस वर्षं उत्तरं दिली होती. त्या दिवशी त्यांनी खिशातून जर्दाळूची एक बी काढली, फोडली, आणि अर्धा गर त्याला दिला.

ह्या गोष्टीला दुसरा हिवाळा लागला. खिळ्यावर आता दोन नान आहेत. एकीच्या घासात एक कणी उभी आहे, दुसरीचा घास सलग आहे. फाटकाला रात्री कडी लावत नाहीत.

आता माझं मागणं. तुम्ही लांबलांब जाता, बसनं, गाडीनं, मालाच्या ट्रकमधून. उजव्या हाताला तीन बोटं असलेला, पुढचा एक दात नसलेला माणूस कुठं भेटला, आणि त्याची नजर दाराच्या चौकटीवरच्या नक्षीवर ठरली, तर त्याचं नाव विचारा. सोदिक म्हणाला तर त्याला सांगा, घर विकलं नाही. पाचवा खांब तसाच आहे, आणि तुझा अका तुला शोधतोय. आणि नाहीच भेटला, तर नमाज संपताना हात चेहऱ्यावरून फिरवण्याआधी एकदा त्याचं नाव घ्या. वाटेवरचा म्हणून घ्या. गेलेला म्हणून नको.